चूक यंत्रणेची, हेलपाटे शेतकऱ्याचे!

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून विकास सोसायटीमार्फत मिळणारे पीककर्ज ही आता केवळ खतावणीतील नोंद उरलेली नाही. सोसायटीचे दप्तर, जिल्हा बँकेचा संगणक, सरकारी पोर्टल आणि आधार यांची सांधेजोड झाली की कारभार स्वच्छ होईल, असे सांगितले जाते. सांधेजोड हवीच, परंतु सांधा निखळला तर जबाबदार कोण, या प्रश्नावर सारेच मौन पाळतात.

२०१७ चा अनुभव विसरण्याजोगा नाही. त्या वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली; अर्ज ऑनलाईन मागवले आणि बँकांच्या कर्जखात्यांशी ते संगणकाने ताडण्याचे ठरवले. सातबाऱ्यावर एक नाव, खतावणीत दुसरे, आधारवर तिसरे. हा माणूस एकच आहे, हे गावाच्या गटसचिवाला ठाऊक असते, यंत्राला मात्र तीन माणसे दिसतात. ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेली यादी चुकांमुळे मागे घ्यावी लागली. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकरी आढळले होते. हेलपाटे शेतकऱ्यानेच घातले.

अन्यत्र असे घडत नाही काय? घडते. जगातील अनेक मोठ्या बँका दशकांपूर्वी कोबोल भाषेत लिहिलेले व्यवहार आजही मेनफ्रेम संगणकांवर चालवतात आणि नवी कामे त्यांना बेताबेताने जोडतात, कारण घाईची किंमत त्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने खाती नव्या यंत्रणेवर नेताच लाखो खातेदारांचे व्यवहार अडले. तेथील नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंड दंड ठोठावला. आपल्या शेतकऱ्याला हा न्याय का नसावा?

चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. १९८३ च्या बँक करारात कामगार संघटना यंत्रांची संख्या आणि नोकऱ्यांचे रक्षण यांसाठी झुंजल्या, हे योग्यच झाले. परंतु खातेदाराला त्या वाटाघाटीत जागा नव्हती. ती चूक पुन्हा होता कामा नये. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक सोसायट्या २,५१६ कोटी रुपये खर्चून एका समान सॉफ्टवेअरवर आणण्याची योजना मंजूर केली. महाराष्ट्रातील सोसायट्याही तीत आहेत.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. खतावणी संगणकात उतरवताना प्रत्येक सभासदाला छापील खातेउतारा आणि हरकतीची मुदत मिळावी. कर्जवाटपापासून ऊसबिलातील वसुलीपर्यंतचा एक पूर्ण हंगाम जुने व नवे हिशेब समांतर चालावेत. नाव जुळत नाही म्हणून कर्ज वा लाभ रोखायचा असेल, तर कारण लेखी द्यावे आणि चूक शोधण्याचा भार संस्थेने उचलावा. दुरुस्तीचा अधिकार गटसचिवाला असावा. गटसचिव मनमानी करतात, हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच प्रत्येक दुरुस्तीखाली सभासदाची सही अनिवार्य असावी.

हे ठराव सोसायट्यांच्या वार्षिक सभांत मांडणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. यंत्राला दोष देऊन भागणार नाही. यंत्राच्या आड लपणाऱ्या कारभाऱ्यांना सभेपुढे उभे केले पाहिजे.