पीएचडी अपलोड झाली, पण जपली गेली का?

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथे 'जी-ड्राइव्ह' नावाचं क्लाउड होतं, ज्यात सरकारी कर्मचारी कामाच्या फाइल्स ठेवायचे. त्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण बाहेर कुठेच दुसरी प्रत नव्हती. इंटरनेटच्या बाबतीत जगात पुढे असलेल्या देशात हे झालं.

आता हाच प्रश्न आपल्या वऱ्हाडाला विचारू. खारपाणपट्ट्यातलं पाणी, कपाशीवरची बोंडअळी, संत्र्याची गळ, वऱ्हाडी बोली, यांवर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन झालंय. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं, तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ चं. या संशोधनाच्या फाइल्स २०५० मध्ये उघडतील का?

फाइल्स आहेत कुठे?

यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएचडी प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं. या प्रती 'शोधगंगा'वर जातात. ते गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, फुकट आणि लॉगिनशिवाय. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी 'कृषिकोश' आहे. ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडलेला प्रबंध आज दर्यापूरच्या पोराला मोबाइलवर वाचता येतो, ही खरंच मोठी गोष्ट आहे.

पण मी बॅकएंडवर काम करतो, त्यामुळे मला पुढचा प्रश्न पडतो. अपलोड करणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. जपण्यात तीन गोष्टी येतात.

पहिली : फाइल जशीच्या तशी राहणं

हार्ड डिस्कवरचे बिट काळानुसार बिघडू शकतात, कॉपी करताना फाइल अर्धवट जाऊ शकते. यावर उपाय म्हणजे चेकसम. फाइलमधून गणित करून एक छोटा कोड काढायचा. एक अक्षर बदललं तरी कोड बदलतो. शोधगंगा ज्या 'डीस्पेस' सॉफ्टवेअरवर चालते, त्यात ही सोय आहे. पण चेकसम फक्त फाइल बिघडल्याचं सांगतो. ती दुरुस्त करायला दुसरी चांगली प्रत लागते, आणि ती वेगळ्या शहरात असावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा ब्रिटनमधल्या प्रबंधांची 'ईथॉस' ही सेवा कित्येक महिने बंद राहिली. एकाच दारावर सगळा देश अवलंबून असला की असं होतं.

दुसरी : पत्ता टिकणं

कॉलेजची वेबसाइट नवीन केली की जुन्या लिंक मरतात. म्हणून शोधगंगा प्रत्येक प्रबंधाला 'हँडल' नावाचा कायमचा नंबर देते, जो १०६०३ ने सुरू होतो. सर्व्हर बदलला तरी नंबर तोच राहतो. तुम्ही कुठे संदर्भ देत असाल, तर ब्राउझरमधली लिंक टाकू नका, हा नंबर टाका.

तिसरी : वाचता येणं

इथे आपलं मराठीचं खास दुखणं आहे. एक प्रयोग करा. मराठी विषयावरचा एखादा जुना प्रबंध मोबाइलवर उघडा, एक ओळ सिलेक्ट करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. मराठीच आली तर उत्तम. काहीच सिलेक्ट झालं नाही तर तो नुसता स्कॅन आहे, म्हणजे पानाचा फोटो. आणि इंग्रजी अक्षरं, चिन्हं यांची खिचडी आली, तर तो प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलाय. अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते भलतंच अक्षर असतं. अशी फाइल शाबूत असूनही सर्चमध्ये सापडत नाही. एआय मॉडेललाही त्यातून मराठी मिळत नाही.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे लीळाचरित्राचं गाव. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या शेकडो वर्षं टिकल्या, पण बाहेरच्या कोणाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी लिपी उलगडली, तेव्हा कुठे हे साहित्य सर्वांसाठी खुलं झालं. जुन्या फॉन्टमधले प्रबंध आज तिथेच अडकलेत. फरक एवढाच, की हे कुलूप कोणी मुद्दाम लावलेलं नाही, आणि उघडणं त्यामानाने सोपं आहे. फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. स्कॅनसाठी ओसीआर आहे. फक्त नंतर माणसाने तपासावं लागतं.

पैसा कुठे जातो?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली. आंतरराष्ट्रीय जर्नल्स वाचण्यासाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये. विद्यार्थ्यांसाठी हे गरजेचंच आहे. पण जगाचं संशोधन वाचायला पैसे मिळत असतील, तर आपलं जपायलाही वेगळी तरतूद हवी. प्रत्येक विद्यापीठात किमान एक माणूस हवा, ज्याचं कामच हे असेल : चेकसम तपासणं, दुसऱ्या शहरात प्रत ठेवणं, जुने फॉन्ट बदलणं. त्याहून मोठी गळती कच्च्या डेटाची आहे. प्रबंधात तक्ते छापले जातात, पण मूळ एक्सेल संशोधकाच्या लॅपटॉपसोबत जातं. १९९५ सालच्या विहिरीचं पाणी आज पुन्हा मोजता येत नाही.

तुम्ही सध्या शिकत असाल तर

- प्रोजेक्ट, प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा.
- शेवटची फाइल 'पीडीएफ/ए' मध्ये सेव्ह करा. हा दीर्घकाळ टिकवण्यासाठीचा प्रकार आहे, फॉन्ट फाइलच्या आतच राहतो. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत हा पर्याय आहे.
- डेटा सीएसव्हीमध्ये ठेवा. कुठल्या रकान्यात काय, कुठल्या युनिटमध्ये, हे सोबत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा.
- गाइडची परवानगी घेऊन तो डेटा 'झेनोडो'वर टाका. ते युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचं मोफत भांडार आहे आणि कायमचा डीओआय नंबर देतं.
- स्वतःकडे तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. फक्त पेन ड्राइव्हवर विसंबू नका.

यातलं एकही काम महागडं नाही. पण ते आत्ताच करावं लागतं. दहा वर्षांनी तो फॉन्ट कुठला होता आणि त्या रकान्यात काय मोजलं होतं, हे सांगणारं कोणी सापडेलच असं नाही.