समुद्रावरचा शेजारधर्म

दिवाळीच्या सुटीत मुंबईहून गोव्याला, कोचीला किंवा लक्षद्वीपला मोठ्या प्रवासी जहाजातून सहल काढण्याची हौस हल्ली मध्यमवर्गातही शिरली आहे. हौसेला मोल नसते आणि ज्याने त्याने ती आपल्या पैशाने करावी. तिच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते अशा सहलीहून परतलेल्या मंडळींच्या वर्णनाशी. "काय काय पाहिलेत?" असे विचारा, की यादी सुरू होते. न्याहारीला किती पदार्थ होते, पोहण्याचा तलाव कितव्या मजल्यावर होता, रात्री जादूचे प्रयोग कसे रंगले, लिफ्टपाशी किती ताटकळावे लागले! मग हळूच विचारा, "वाटेत जहाजे कोणकोणती भेटली?" समोरचा गृहस्थ असा बघतो, जणू भर पंक्तीत आपण त्याला मंगल कार्यालयाच्या पायाची खोली विचारली. "होती की लांबवर काहीतरी मालवाहू," एवढे उत्तर मिळाले तरी नशीब समजावे.

माझे म्हणणे सरळ आहे. समुद्रावर असताना जवळून जाणारे जहाज पाहणे, ते ओळखणे, त्याची दखल घेणे हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे. तो शेजारधर्म आहे, आणि आपण तो विसरत चाललो आहोत.

या जहाजांची बांधणीच अशी, की समुद्राकडे पाठ करून बसणे सोयीचे व्हावे. नाटकगृह आत, बाजार आत, जुगाराची टेबले आत. पण दोष जहाज बांधणाऱ्यांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. गिऱ्हाइकाला जे हवे तेच दुकानदार मांडतो. आपल्याला पाण्यावर तरंगणारी वसाहत हवी होती; ती मिळाली.

भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या जुन्या आगबोटी आठवणारी माणसे अजून घरोघरी आहेत. त्या प्रवासाचे मी गोडवे गाणार नाही. गर्दी, उलट्या, वळकट्यांवरून होणारी भांडणे, हर्णैसारख्या बंदरात हलत्या बोटीवरून हलत्या पडावात उतरण्याची जीवघेणी कसरत, यांत गोडवे गाण्यासारखे काय होते? पण त्या डेकवरच्या माणसाला आपण समुद्रावर आहोत हे ठाऊक असे. समोरून येणारा मचवा कोणत्या गावचा, गलबत भरलेले की रिकामे, याची चर्चा पानसुपारीबरोबर चाले. आता सुखसोयी वाढल्या, हे चांगलेच झाले. पण सुखसोयी वाढल्या म्हणून नजर आंधळी व्हावी, असा कायदा कोठे आहे?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : "मालवाहू जहाजात बघण्यासारखे काय असते? लोखंडाचा डबा!" अहो, त्या डब्यांतूनच तुमचा संसार आलेला असतो! भारताच्या परदेशी व्यापाराचा वजनाने सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे होतो. तुमच्या गॅसच्या शेगडीपासून दिवाणखान्यातल्या टीव्हीपर्यंत कितीतरी वस्तूंचा कुठला ना कुठला भाग अशा डब्यांतून आलेला असतो. आणि हे डबे एकसारखेही नसतात. डेकवर नळांचे जाळे पसरलेले दिसले, तर ते तेलवाहू जहाज. ओळीने मोठमोठी झाकणे दिसली, तर कोळसा, धान्य किंवा खनिज वाहणारे. खिडक्या नसलेल्या उंच पेटीसारखे दिसले, तर पोटात मोटारगाड्या असणार. जहाजाचा तळाकडचा भाग बहुधा तांबडा रंगवलेला असतो. तो पाण्यावर बराच वर दिसला तर जहाज हलके आहे, आणि जेमतेम दिसला तर भरलेले. मुंबई ते गोवा एवढ्या टापूतही न्हावा-शेव्याची कंटेनरवाली, जवाहर द्वीपाकडे जाणारी तेलवाहू, जयगडला कोळसा आणणारी आणि मुरगावबाहेर नांगरलेली अशी जहाजे भेटण्याजोगी असतात. किल्ले आणि दीपगृहे दाखवावीत, तशीच तीही मुलांना दाखवावीत.

जहाजाच्या मागच्या बाजूला त्याचे नाव आणि खाली बंदराचे नाव लिहिलेले असते. दुर्बिणीतून वाचून पाहा. मोनरोव्हिया, माजुरो, पनामा अशी नावे वारंवार दिसतील. मालक एका देशाचा, नोंदणी दुसऱ्या देशाची, माल तिसऱ्याचा. आणि चाकरीला कोण? कदाचित रत्नागिरीचा, रायगडचा, वसईचा किंवा गोव्याचा मुलगा. भारतीय दर्यावर्दींची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. २०२० साली टाळेबंदीत बंदरांनी दारे लावून घेतली, तेव्हा जगभरातील सुमारे चार लाख खलाशी आणि अधिकारी करार संपूनही जहाजावरच अडकून पडले होते. त्यांनी आणलेले धान्य आणि औषधे आपण घेतली. त्यांना मात्र किनाऱ्यावर उतरू दिले नाही. त्यांच्या जहाजाकडे मान वळवून बघणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

रात्री तर हे बघणे अधिकच मोलाचे. दिवाळीत आपण आकाशकंदील लावतो, तो दुसऱ्याला दिसावा म्हणून. समुद्रावरच्या दिव्यांचा हेतूही तोच, फक्त त्याला नियम आहेत. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा दिवा, उजव्या बाजूस हिरवा, मागे पांढरा. आणि मोठ्या जहाजाच्या डोलकाठ्यांवर आणखी दोन पांढरे, पुढचा खाली आणि मागचा वर. तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, की ते जहाज आपल्याच रोखाने येत आहे. नुसता तांबडा दिसला, की त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. आठ-दहा वर्षांच्या पोराला हे व्याकरण अर्ध्या तासात येते. काळोखातले चार ठिपके बघून "बाबा, ते डावीकडे चालले आहे," असे ते सांगू लागले, की जादूच्या प्रयोगाची त्याला आठवणही राहणार नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा : "डोळे कशाला ताणायचे? मोबाइलवर सगळ्या जहाजांची नावे दिसतात." दिसतात खरी, पण कोणाची? आपली ओळख बिनतारी यंत्राने कळवणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे ते मुख्यतः मोठ्या जहाजांना. कोळ्यांच्या कितीतरी लहान होड्यांवर असे यंत्र नसते. म्हणजे ज्याला आपल्या नजरेची गरज नाही, त्याचे नाव मोबाइल सांगतो. आणि ज्याला आहे, त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

"मग कप्तान कशाला आहे? रडार कशाला आहे?" हा तिसरा आक्षेप. लाकडाची किंवा फायबरची, पाण्याला टेकलेली होडी खवळलेल्या लाटांत रडारवर सापडेलच अशी खात्री नसते. म्हणूनच समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम यंत्रे हाताशी असतानाही सांगतो, की डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवा. ते काम अधिकाऱ्यांचे, हे मान्य. पण दोन डोळे जास्त झाले म्हणून कोणाचे काय बिघडले?

न बघण्याची किंमत काय असते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी दोन घटना आठवाव्यात. १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडत असताना बर्फामुळे थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजावरून दूरचे दिवे दिसले होते, आकाशात उडणारे पांढरे बाणही दिसले होते. कप्तानाला तसे कळवण्यातही आले. पण झोपलेल्या बिनतारी यंत्रचालकाला सकाळपर्यंत कोणी उठवले नाही. दोन जहाजांतले अंतर किती होते यावर वाद आहे. बाण दिसले होते यावर नाही. त्या रात्री पंधराशेच्या आसपास माणसे मेली.

दुसरी घटना शंभर वर्षांनंतरची. १० मार्च २०१२ रोजी प्रशांत महासागरात 'स्टार प्रिन्सेस' या सहलीच्या जहाजावर हजारो प्रवासी होते. त्यांतल्या मोजक्या पक्षिनिरीक्षकांना दुर्बिणीतून दूरवर एक छोटी होडी आणि तीत हातवारे करणारा माणूस दिसला. त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले; जहाज थांबले नाही. पनामाच्या तीन तरुण कोळ्यांची होडी इंजिन बंद पडून त्याच समुद्रात वाहत चालली होती. त्यांतले दोघे मेले. एक पुढे गॅलापागोस बेटांजवळ जिवंत सापडला. निरोप कप्तानापर्यंत पोहोचला नाही, असे कंपनीने प्रथम सांगितले. नंतर छायाचित्रांच्या आधारे, दिसलेली होडी ती नव्हतीच, असा दावा केला. होडी तीच असो वा दुसरी. हात हलवणारा माणूस मागे राहिला, हे काही त्याने बदलत नाही. आणि ज्यांनी त्याला पाहिले ते बाहेर बघत होते, तेसुद्धा पक्ष्यांसाठी!

आपल्या किनाऱ्याने याच्या उलटही पाहिले आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जी थोडी वाचली, त्यांतल्या कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्यांच्यापाशी ना रडार होते, ना बिनतारी यंत्र. त्यांनी बघितले आणि ते धावले.

आपण शहरवासी जहाज बघतो ते केव्हा? ते वाळूत रुतल्यावर! २०११ च्या जून महिन्यात 'विस्डम' जुहूच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा केवढी झुंबड उडाली होती! गोव्यात कांदोळीपाशी २००० साली रुतलेली 'रिव्हर प्रिन्सेस' तर पुढे कितीतरी वर्षे पर्यटकांच्या छायाचित्रांची पार्श्वभूमी झाली. चालत्या जहाजाकडे पाठ आणि पडलेल्या जहाजाभोवती जत्रा, ही आपली रसिकता!

आता शेवटचा आक्षेप : "माणूस चार दिवस मजेला जातो, त्याला हे कर्तव्याचे ओझे कशाला?" मी कोणाला पहारा द्यायला सांगत नाही. जेवा, नाचा, पोहा. पण सकाळी अर्धा तास आणि रात्री अर्धा तास मुलांना घेऊन कठड्यापाशी उभे राहा. एखादी साधी दुर्बीण आणि वही बरोबर असू द्या. आणि कोणी हात हलवताना, कापड फडकवताना किंवा भलत्या ठिकाणी तरंगताना दिसला, तर एकाने त्याच्यावरची नजर हलवू नये, हाताने दिशा दाखवत राहावे; दुसऱ्याने वेळ टिपून कर्मचाऱ्याला गाठावे आणि निरोप कप्तानाकडे पोहोचला का, हे पुन्हा विचारावे. लाजू नये. खोटी ठरलेली शंका कोणाचा जीव घेत नाही. गिळलेली शंका घेऊ शकते.

शेजारच्या घरी दिवाळीत दिवा लागला नाही, तर "काय झाले हो?" म्हणून चौकशी करणारी आपण माणसे. किनाऱ्यापासून वीस मैल आत गेलो म्हणून ही रीत सोडायचे कारण नाही. तेथे तर शेजारी एकच असतो, आणि त्यालाही शेजारी एकच असतो.