कड्यावरची वाट कोणाची?

पावसाळा तोंडावर आला की ठाणे, रायगड, पुणे या जिल्ह्यांच्या प्रशासनाला एक आदेश हमखास आठवतो: धबधबे, दऱ्या आणि कड्यांचे काठ यांच्याकडे अमुक तारखेपर्यंत कोणी फिरकू नये. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 व्या कलमाखाली निघत असे. 1 जुलै 2024 पासून तोच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 व्या कलमात जाऊन बसला आहे. मोर्चे आणि सभा दडपण्याच्या कामी ज्या कलमाची चळवळीतील कार्यकर्त्यांना पुरेपूर ओळख आहे, तेच आज डोंगर पाहायला निघालेल्या माणसावर चालवले जाते, आणि याचे कोणाला फारसे वैषम्य वाटत नाही.

हा माणूस कोण, ते पाहिले पाहिजे. 2011 च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8,09,378 होती. शहराच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. येथे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करणारा किंवा रोज लोकलमध्ये लोंबकळत चर्चगेट गाठणारा तरुण शनिवारी रात्री दादरला गाडी बदलून कसारा लोकल पकडतो आणि पुढे जीपने अकोले तालुक्यातील साम्रदला पोचतो. गावापलीकडे जमीन एकाएकी दुभंगते. ही सांदणची घळ. कातळाच्या दोन भिंतींमध्ये काही ठिकाणी दोन माणसे जेमतेम शेजारी उभी राहतील इतकेच अंतर. वरच्या अंगाने, काठाकाठाने, कारवीतून चालत गेले की सह्याद्री संपतो आणि खाली कोकण पसरलेले दिसते. करोली घाटाची जुनी वाट येथूनच डेहण्याकडे उतरते. ती पर्यटन खात्याने बांधलेली नाही. घाटमाथा आणि कोकण यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी ती पडली आहे.

अपघात होतात, हे खरेच आहे. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या मृत्यूंची टवाळी करणारा माणूस नव्हे. पण बंदीने काय साधते? निसरड्या काठावर फलक लागत नाही, कठीण जागी दोर बसत नाही, तालुक्याच्या रुग्णालयात हाड जोडणारा डॉक्टर येत नाही. दरीत कोणी पडलेच तर खाली उतरतात ते गावकरी आणि पदरमोड करणारे गिर्यारोहक स्वयंसेवक. फुकटात निघणारा आदेश काढायचा आणि पैसे लागणारे काम टाळायचे, इतकाच या काळजीचा अर्थ आहे.

एरवी पैसे असतात, आणि कडाही आडवा येत नाही. घाटघरला 250 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारायचा तेव्हा यंत्रे थेट कड्याच्या धारेपर्यंत नेता आली. मेळघाटातील चिखलदऱ्यात दरीवर 407 मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक बांधण्याचे काम सिडकोने हाती घेतले. आणि खुद्द भाईंदरच्या डोंगरीत मेट्रोच्या कारशेडसाठी बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव 2025 साली आला. डोंगर धोक्याचा ठरतो तो फक्त पायी येणाऱ्याला.

आपल्यातले काही साथी म्हणतात, घर, पाणी, रोजगार सोडून हा भटकंतीचा मध्यमवर्गीय छंद पक्षाने कशाला डोक्यावर घ्यावा? त्यांनी 24 एप्रिल 1932 चा दिवस आठवावा. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या पठारावर सरदार-जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी सामान्यांना मज्जाव केला होता. वीस वर्षांच्या बेनी रॉथमन या कम्युनिस्ट तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे जण, बहुतेक कामगार, ती बंदी मोडून वर चढले. रॉथमनसह पाच जणांना तुरुंगवास झाला. 1949 साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि भ्रमणाच्या अधिकाराचा कायदा आला, त्यामागे या दिवसाचाही वाटा होता. कामाचे तास कमी करा म्हणून जी चळवळ लढली, तिने मोकळ्या झालेल्या तासांचे काय करायचे हा प्रश्न चैनीचा मानावा, हे मला तरी समजत नाही.

मात्र किंडरचे उदाहरण येथे जसेच्या तसे चालणार नाही. तेथे समोर ड्यूक होता. आपल्याकडे कड्याच्या काठावर महादेव कोळी आणि ठाकर राहतात, आणि सरकारी बंदीचा पहिला फटका त्यांनाच बसतो. हंगामात वाट दाखवून आणि पिठलं-भाकरी रांधून मिळणारे चार पैसे बुडतात. बंदी नसते तेव्हा शहरातील आयोजक ठरवील तो दर घ्यावा लागतो. वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे नियम आहेतच. मीरा-भाईंदरकरांना हे नवे नसावे. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात 1997 सालच्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, आणि आदिवासी पाड्यांच्या डोक्यावर स्थलांतराची तलवार आजही लटकते आहे. ज्याचे घर जंगलात आहे त्याला बाहेर काढायचे आणि ज्याला जंगल पाहायचे आहे त्याला आत येऊ द्यायचे नाही, ही दोन्ही कामे एकाच मनोवृत्तीची आहेत.

म्हणून शहरातील चालणाऱ्यांनी केवळ स्वतःसाठी मोकळीक मागून भागणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनक्षेत्राचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. घळीत पाणी केव्हा चढते, काठ कोठे ठिसूळ आहे, कोणत्या दिवशी वाट बंद ठेवावी, हे जिल्हा मुख्यालयातल्या कारकुनापेक्षा साम्रदच्या माणसाला अधिक कळते. वाट उघडण्याचा आणि बंद करण्याचा निर्णय त्या ग्रामसभेचा असावा, वाटाड्याचा दर तिने ठरवावा आणि तो आयोजकांवर बंधनकारक असावा. शोध व बचावाचे प्रशिक्षण आणि साहित्य सरकारने गावातच द्यावे, तरुणांना त्याची मजुरी मिळावी. शनिवारी रात्री कसाऱ्याहून साम्रदकडे एक एसटी सोडावी. पुढच्या जूनमध्ये मनाईचा कागद निघण्याआधी मीरा-भाईंदरच्या शाखेने या मागण्या घेऊन अकोल्याच्या तहसील कचेरीत जावे, आणि साम्रद-घाटघरच्या लोकांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन जावे.