‘फिक्स रेट’ नावाचे थोतांड

“सेकंड हँड गाडी म्हणजे दुसऱ्याची कटकट पैसे मोजून घरी आणणे.” शिरढोणच्या नाक्यापासून पनवेलच्या स्टँडपर्यंत हे वाक्य कुठेही ऐकायला मिळते. त्याला जोडून आणखी दोन येतातच. शोरूममध्ये रेट फिक्स असतो, आणि चारचाकी घेणाऱ्याने पाच-दहा हजारांसाठी घासाघीस करणे शोभत नाही. हे बोलणारे लोक व्यवहारात कच्चे आहेत असे कुणी समजू नये. याच मुलखातल्या शेतकऱ्यांनी १९८४ साली जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईला गोळ्या झेलल्या, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारच्या गळी उतरवले आणि नवी मुंबई विमानतळाच्या वेळी तोच आकडा साडेबावीसवर नेला. सरकारने सांगितलेला भावही शेवटचा नसतो, हे ज्यांनी दाखवून दिले, त्यांचीच मुले-नातवंडे शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेली की कोटेशनवर दिसेल त्या आकड्याखाली सही करतात. मला याचे नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही येतो.

आधी फिक्स रेटचे पाहू. कोटेशनचा कागद समोर घ्या. वरची ओळ एक्स-शोरूम किमतीची. ती कंपनी ठरवते, एवढे खरे. पण तिच्यावर सूट किती द्यायची हे बऱ्याच अंशी डीलरच्या हातात असते. खालची ओळ कराची. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. डिझेलला १३ आणि १४. यात एक रुपया हलत नाही. मात्र ‘आरटीओ’ म्हणून लिहिलेली रक्कम या हिशेबापेक्षा बरीच मोठी असेल, तर वरचे पैसे कशाचे हे विचारायलाच हवे. नव्या मोटारीचे नोंदणी शुल्क अवघे ६०० रुपये आहे.

खरी चरबी त्याखाली असते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. तेवढ्याच आयडीव्हीचा (म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा), तेवढ्याच कव्हरचा बाहेरचा भाव आणून टेबलावर ठेवला की आतला आकडा कसा खाली येतो ते बघा. मग येतात हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो अशी भारदस्त नावे. गोदामातली गाडी दुकानात आणणे हे विकणाऱ्याचे काम. त्याचे भाडे आपण का भरायचे? या ओळीवर सरळ काट मारायची. ‘एसेन्शियल किट’मध्ये मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर निघते, तेही बाहेरच्या भावाशी ताडून पाहावे. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (आपल्या आयकरात जमा होणारी रक्कम) लागतो. तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण कित्येकांना तो आपला आहे हेच माहीत नसते. म्हणजे फिक्स काय, तर सरकारचा कर आणि शुल्क. बाकी कागदभर बोलायला जागा आहे.

“महिन्याला किती झेपेल, दादा?” हा प्रश्न आला की सावध व्हायचे. तुम्ही बारा हजार म्हणालात, की गाडीचा भाव बाजूला पडतो, कर्जाची मुदत पाचाची सात वर्षे होते आणि हप्ता बरोब्बर बारा हजारांत बसतो. जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्याने तर नवीचा भाव कागदावर आल्याशिवाय जुनीचे नावच काढू नये. दोन्ही सौदे एकत्र केले की एक्सचेंज बोनस म्हणून डाव्या हाताने दिलेले पैसे जुन्या गाडीच्या किमतीतून उजव्या हाताने काढून घेता येतात.

राहिला शोभण्याचा प्रश्न. मासळी बाजारात वाट्यामागे वीस रुपयांसाठी कोळणीशी हुज्जत घालायची आणि सात लाखांच्या वस्तूला मान डोलवायची, यात शोभा कसली? समोरच्या सेल्समनला महिन्याचे टार्गेट असते. महिनाअखेरीस त्याला तुमची गरज तुमच्यापेक्षा जास्त असते. दसऱ्याला सकाळी गाडी दारात हवीच, असे आपणच सांगून टाकले तर त्याने भाव का सोडावा? पितृपंधरवड्यात शोरूम ओस असते. सौदा तेव्हा पक्का करावा, डिलिव्हरी खुशाल दसऱ्याला घ्यावी. बुकिंगला पितर अडवत नाहीत.

आता मूळ मुद्दा, जुन्या गाडीचा. विरुद्ध बाजूचे तीन आक्षेप मला मान्य आहेत. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त पडते. जुन्या गाड्या सुरक्षेत कमी असतात. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सर्व मोटारींत सक्तीची झाली ती २०२१ संपता संपता. आणि पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याला जुळणारे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. पण या आक्षेपांतून निष्कर्ष निघतो तो इतकाच, की २०१३ची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. एप्रिल २०२३ नंतर बनलेली, तीनेक वर्षे वापरलेली गाडी घ्या. व्याजाचा फरक पहिल्या मालकाने सोसलेल्या घटीपुढे टिकत नाही.

ती घट किती, हे विमा कंपन्याच सांगतात. आयडीव्हीच्या कोष्टकात दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा धरतात, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. बाजारभाव याहून वर असतो, तरी बोलणी सुरू करायला हे कोष्टक चांगले. विकणारा म्हणतो, “मला एवढ्याला पडली होती.” त्याला तेव्हा पडली असेल! २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २९ टक्क्यांवरून १८वर आला. ६ लाख मूळ किमतीची गाडी त्याने ७ लाख ७४ हजारांना घेतली असेल, तर ती आज ७ लाख ८ हजारांत नवी मिळते. घसारा या आजच्या आकड्यावर धरायचा. शिवाय नव्या गाडीवर ११ टक्क्यांनी सुमारे ७८ हजार रस्ताकर भरावा लागेल. आपल्याच राज्यातल्या जुन्या गाडीचा एकरकमी कर आधीच भरलेला असतो. दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते ती याच कारणाने. एनओसी आणून इथला कर भरला की स्वस्ताई आटोपते.

आणि नवी गाडी किती दिवस नवी राहणार? मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि ते किती रखडले, हे शिरढोणकरांना मी सांगायला नको. अशा रस्त्याने पनवेल स्टेशनापर्यंत दहाएक किलोमीटर जाऊन यायचे, लग्नाला पेणला, गणपतीत तळकोकणात. एवढ्यासाठी पहिल्या वर्षाची घट आपण का सोसावी? विमानतळावर भाड्याने गाडी लावून रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने वॉरंटीसकट नवी सीएनजीच घ्यावी, तिथे माझा वाद नाही.

कटकट विकत घेतली जाते ती न बघता घेतल्यामुळे. आपल्या भागात पहिली शंका पुराची. २६ जुलै २००५ असो की २०२१ सालचे महाड, पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून विकता येतात. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. रोज बाहेर येणारा भाग स्वच्छच असतो, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा धुवायचे मात्र राहून जाते. त्यावर मातकट रेघ दिसली, सीटखालच्या रुळांचे स्क्रू तांबरलेले दिसले, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ सापडला, की चहा पिऊन उठायचे. मीटर तीस हजार दाखवतो आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेय, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. बॉनेटच्या बोल्टवर पाना फिरल्याची खूण असेल तर का फिरला ते विचारावे. ही प्रत्येक खोट म्हणजे भाव उतरवायचे कारण. तोंडी “जरा कमी करा” म्हणण्यापेक्षा मेकॅनिकने लिहून दिलेली यादी जास्त बोलते.

शेवटचा आक्षेप सर्वांत लाडका असतो: “आम्ही बाहेरची गाडी घेतच नाही, मामांची घेतो. मामांशी भाव काय करायचा?” नका करू. पण कागद करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर. नो क्लेम बोनस मामांकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. घरचाच व्यवहार म्हणून किती गाड्या वर्षानुवर्षे जुन्या नावाने फिरतात! ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ खटल्यातली गाडी अशीच होती. मालकाने ती २००७ मध्ये विकली, पुढे ती आणखी हातांत फिरली, २००९ मध्ये तिच्याखाली एका मुलाचा जीव गेला, तेव्हाही नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. भरपाई नोंदणीकृत मालकाने द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. तेव्हा शेवटचे वीस हजार नाव चढेपर्यंत हातात ठेवा आणि मामांना तसे तोंडावर सांगा. रागावले तर रागावू देत. उद्या समन्स निघाले तर ते मामांच्याच पत्त्यावर जाणार आहे.