थकले कोण, थकवले कोणी?

अपघात विभागात रुग्ण दगावला की सत्ताधाऱ्यांचे बोट तत्काळ डॉक्टरच्या ‘हलगर्जीपणा’कडे वळते. हा निव्वळ कांगावा आहे! निवासी डॉक्टरांना सामान्यतः सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक राबवू नये, असे केंद्र सरकारचेच १९९२ चे निर्देश सांगतात. प्रत्यक्षात ३६ तासांची पाळी हाच शिरस्ता झाला आहे. जागरणाने शिणलेला मेंदू औषधाची मात्रा चुकतो, हृदयविकाराच्या कळेला अपचन समजतो. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाने तर ७४ तासांची मर्यादा सुचवली. मोडलेला नियम सैल करून देण्याचीच ही युक्ती! ४८ तास पाळायचे तर नवी भरती करावी लागेल, त्यासाठी पैसा लागेल. आणि २०२५ पर्यंत आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे २०१७ च्या धोरणातील वचन तर कागदावरच राहिले.