घर सोडण्याचा हक्क

घरात शिरताना शब्द पुरतो आणि घर सोडताना कागद लागतो, हा आपल्याकडचा घरभाड्याचा अलिखित कायदा आहे. गेल्या वर्षी शिरड शहापुरातील माझ्या शेजारी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या एका कंत्राटी परिचारिकेला तो उमगला. खोल्या घेताना तिने भाडेचिठ्ठी करू या म्हटले, तेव्हा "आपण काय परके आहोत? कागद कशाला?" असे घरमालक म्हणाले. नोकरीचे ठिकाण बदलले तेव्हा तिने महिनाभर आधी तोंडी सांगितले. चावी द्यायला ती गेली, तेव्हा त्याच गृहस्थांनी विचारले, "लेखी नोटीस कुठे आहे?" आणि तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत त्यांनी ठेवून घेतली.

संतापाची गोष्ट अशी की, नोटिशीच्या मुद्द्यावर कायद्याचे अक्षर त्यांच्या बाजूने होते. म्हणून आधी ते अक्षर समजून घेणे अगत्याचे आहे. आपले कार्यकर्ते अन्यायाचा निषेध तत्परतेने करतात, पण अर्जाचा मसुदा करण्याची वेळ आली की वकिलाकडे बोट दाखवतात.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचे कलम १०६ सांगते की, वेगळा करार, स्थानिक कायदा वा रूढी नसेल, तर राहण्यासाठी दिलेल्या जागेचा भाडेपट्टा महिन्या-महिन्याचा समजावा आणि मालक वा भाडेकरू यांपैकी कोणीही पंधरा दिवसांच्या नोटिशीने तो संपवावा. नोटीस लेखी हवी, देणाऱ्याची वा त्याच्या वतीने दुसऱ्याची सही हवी. ती टपालाने पाठवावी किंवा मालकाच्या हाती द्यावी, नाही तर त्याच्या राहत्या घरी कुटुंबीयाकडे वा नोकराकडे द्यावी. तेही शक्य नसेल तर भाड्याच्या जागेवर ठळक ठिकाणी चिकटवावी. पूर्वी नोटिशीची मुदत भाडेमहिन्याच्या अखेरीसच संपावी लागे आणि एका दिवसाच्या चुकीने ती बाद होई. २००२ च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने ही अडचण दूर झाली. आता पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून.

हिशोब सोपा आहे. समजा भाडे महिना ३,००० रुपये आणि अनामत ९,००० रुपये आहे. मालकाला नोटीस ५ जूनला मिळाली, तर २० जूनला भाडेपट्टा संपला. जूनचे वीस दिवसांचे २,००० रुपये देणे निघते. विजेचे बिल आणि खरोखर झालेली मोडतोड वजा जाता उरलेले ७,००० रुपये भाडेकरूचे आहेत. ते परत देणे हा मालकाचा उपकार नव्हे.

मात्र अकरा महिन्यांचा कागद केलेला असेल तर गोष्ट वेगळी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून ही अकराची युक्ती देशभर रूढ झाली. ठरलेली मुदत संपली की असा करार आपोआप संपतो, नोटीस लागत नाही. मुदतीआधी निघायचे असेल तर कलम १०६ चे पंधरा दिवस कामी येत नाहीत, कागदात लिहिलेली अटच पाहावी लागते. शहरांत चालणाऱ्या 'लीव्ह अँड लायसन्स'च्या कराराचेही तेच. त्यात बहुधा एक महिन्याच्या नोटिशीची अट असते आणि अमुक महिन्यांच्या आत सोडल्यास अनामत जप्त, असेही एक वाक्य बारीक अक्षरांत असते. त्या वाक्याला घाबरून जाण्याचे कारण नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ करारभंगाबद्दल वाजवी भरपाई देते, करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. लिहिले आहे म्हणून सगळेच गिळता येते, असे नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कलम १०६ मध्ये मालक आणि भाडेकरू एका ओळीत उभे आहेत. मग व्यवहारात भाडेकरूच का हरतो? कारण अनामत मालकाच्या खिशात असते. मालकाला भाडेकरू नको असेल तर तो तगादा लावतो. भाडेकरूला घर नको असेल तर त्याला स्वतःचेच पैसे मागत हिंडावे लागते. आपल्या मराठवाड्याला ऊसतोडीची उचल ठाऊक आहे. मुकादम उचल देतो आणि मजूर हंगामभर बांधला जातो. घरभाड्यात तर उलटाच चमत्कार आहे. येथे उचल देणाराच बांधला जातो! बिनव्याजी कर्ज देणारा धनको ऋणकोपुढे हात जोडून उभा राहतो, असा व्यवहार अर्थशास्त्र शिकवण्याच्या माझ्या सगळ्या वर्षांत मला दुसरा आढळला नाही.

राज्यकर्त्यांनी या विषमतेवर कायद्याचे शिक्कामोर्तबच केले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि मराठवाड्यात लागू असलेला १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा त्याने रद्द केला. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर लायसन्सधारक जागेत राहिला, तर त्याला दुप्पट शुल्क भरावे लागते आणि मालकाला कब्जा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद मागता येते. पण मालकाने अनामत सहा महिने अडकवून ठेवली तर? दुप्पट नाही, झटपट नाही. सात हजारांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढा आणि दहा हजार खर्च करा! त्याच कायद्याचे कलम ५५ करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकते आणि त्यात कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही सांगते. हे कलम भाडेकरूंना कोणी समजावून सांगितले आहे काय?

कोणी साथी म्हणतील, जमिनीचे आणि मजुरीचे प्रश्न पेटलेले असताना हा मध्यमवर्गीय विषय कशाला? हा आक्षेप मला मान्य नाही. हिंगोली जिल्ह्यातून पुण्याला कारखान्यात जाणारा तरुण, नांदेडला शिकणारी मुलगी, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर गावोगाव फिरणारी परिचारिका, हे सारे भाडेकरू आहेत. ज्याला राहते घर सोडता येत नाही त्याला वाईट नोकरीही सोडता येत नाही. घालवून देण्याविरुद्ध आपली चळवळ लढली, ते योग्यच झाले. पण निघून जाण्याचा हक्क आपण कधी मागितलाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. आपल्या गावातला घरमालक भांडवलदार नसतो. एखादी विधवा दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवते. खरे आहे, आणि म्हणूनच नोटीस हवी. पंधरा दिवस आधी लेखी कळले तर तिला दुसरा भाडेकरू पाहता येतो. रात्रीतून कुलूप लावून पळणारा भाडेकरू तिच्याशी जितका अन्याय करतो, तितकाच अनामत दाबणारा मालक दुसऱ्या कोणा गरिबाशी करतो.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. अनामतीला कायद्याने मर्यादा हवी. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याविना त्याला बळ नाही. घर रिकामे झाल्यावर अनामत परत करण्याची मुदत ठरावी आणि ती चुकवणाऱ्या मालकालाही दुपटीचा नियम लागावा.

मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसू नये. प्रत्येक शाखेत नोटिशीचा मसुदा ठेवावा. त्यात तारीख, घराचे वर्णन, केव्हापासून राहतो, भाडे व अनामत किती, कोणत्या तारखेस घर सोडणार आणि अनामत कोठे द्यावी, एवढे असावे. खाली सही. हाती दिल्यास दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. घेण्यास नकार मिळाल्यास स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी, कारण २०२५ मध्ये रजिस्टर टपाल त्यातच विलीन झाले आहे. मोबाइलवरचा निरोप पूरक पुरावा म्हणून जपावा, पण कलमात सांगितलेल्या मार्गांत तो नाही. चावी देताना ताबापावती घ्यावी आणि मीटरचा आकडा तीत लिहावा. मुदत संपल्यावर तेथेच राहून पुढचे भाडे मात्र देऊ नये. मालकाने ते स्वीकारले तर नोटीस सोडून दिली, असा अर्थ निघू शकतो.

त्या परिचारिकेला मी उशिरा का होईना अशी नोटीस लिहून दिली. पंधरा दिवसांचे भाडे वजा करून उरलेली रक्कम तिला दीड महिन्याने मिळाली. विजय लहान आहे. पण एका पानाचा कागद आणि शेजारी उभा असलेला एक माणूस एवढ्यावर तो मिळाला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. कागद मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्या सोयीची आहे. ती मोडण्याचे काम आपल्याच गल्लीपासून सुरू करू या.