मुठवा आधी, मंदिर मागून



मागे एका गावात सामूहिक वनहक्काच्या दाव्याची फाईल घेऊन आपण बसलो होतो. फाईल पाहणारा साहेब म्हणाला, "तुम्ही इथं पिढ्यान्‌पिढ्या राहता कशावरून? कागद दाखवा." म्हातारा भूमका उठून उभा राहिला. म्हणे, "साहेब, कागद नाही आमच्यापाशी. मुठवा हाये." साहेब हसला. त्याच्याबरोबर आपलीच दोन शिकलेली पोरंही हसली.

साहेबाच्या हसण्याचं एवढं काही वाटलं नाही, पण पोरांचं हसणं लागलं. त्याच्यासाठी हे लिहिणं आहे.

पोरांना असं का वाटते? कारण त्याईले दोन तऱ्हेचे लोक भेटतात. एक म्हणते, मुठवा म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा, अडाणीपणा. दुसरा गोड बोलते, "तुम्हीही आमचेच, फक्त मागं राहिले. आम्ही तुम्हाले देव आणून देतो." दोघांच्या बोलण्यात एकच गोष्ट धरून चाललेली असते, की देव शहरातून निघाला आन् रानात पोचला. आपलं म्हणणं उलटं आहे. गंज देव रानातून निघाले आन् मग गावात, देवळात जाऊन बसले.

महादेवाचंच घ्या. अख्खा वऱ्हाड महादेवाले जाते म्हणजे पचमढीले जाते. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढते. त्या डोंगरातल्या महादेवाच्या ठाण्याचे वंशपरंपरेचे राखणदार कोण होते? कोरकू ठाकूर. इंग्रज अधिकारी फॉरसिथ यानं १८७१ च्या पुस्तकात हे लिहून ठेवलं आहे. नर्मदेवरच्या ओंकार मांधात्याची राखण भिलाला राजाच्या घराण्याकडे होती. म्हणजे यात्रेकरू मागून आले. वाट दाखवणारा आधीच तिथं होता.

आपल्या म्हाताऱ्यांची गोष्टही तेच सांगते. सातपुडा माणसावाचून ओस होता. रावणानं महादेवाले विनवलं. महादेवानं कावळा धाडून वारुळाची लाल माती शोधली आन् तिचे मुला आणि मुलाई घडवले. इंद्राच्या घोड्यांनी त्या मूर्ती तुडवल्या, तेव्हा राखणीले कुत्रा केला. ह्या गोष्टीत ना कैलास आहे, ना काशी. माती आहे ती याच डोंगराची.

इथं शिकलेला माणूस अडवते. म्हणते, "रावण, इंद्र ही नावं तर तुम्ही पोथीतून उचलली." बरं, नावं इकडून तिकडं गेली असतील. शेजारी राहणाऱ्यांत देणं-घेणं होते, ते आपण नाकारत नाही. पण उसनं घेणारा जिंकणाऱ्याले घेते. मग आपण हरलेल्या रावणाले मान का देतो? होळीनंतर मेघनाथाचा खांब का पुजतो? पोथीत जो राक्षस, तो आपल्या घरचा वडील. हे पाठ केलेलं नाही, हे आपलं आहे. आन् हे फक्त डोंगरातच आहे असंही नाही. खाली अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी दहा तोंडांच्या रावणाची मूर्ती आहे, तिची पूजा होते. सगळा देश रावण जाळते, ते गाव त्याले हात जोडते.

आता सातपुड्याच्या पायथ्याले चला, बहिरमले. यात्रेत सगळेच जाता, रोडगे खाता. तिथला देव काय आहे? प्रचंड शिळा, तिले लोणी आन् शेंदूर. त्याले भैरव म्हणा की बहिरम म्हणा, पूजेची रीत तीच आहे जी आपण गावच्या शिवेवर करतो. तिथं करोडपती डोकं टेकते तर श्रद्धा, आन् आपण मुठव्यापुढं टेकलं तर अडाणीपणा?

दूरचं पाहू. पंढरीचा विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, असं रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात मांडलं. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची. ओरिसात पुरीचा जगन्नाथ. तिथले मंदिरवाले स्वतःच सांगतात की हा देव आधी जंगलात शबरांच्या विश्वावसूच्या पूजेत होता. राजाचा ब्राह्मण आला, विश्वावसूच्या पोरीशी लग्न केलं, ठिकाण काढून घेतलं, मग राजा आला. आजही रथयात्रेच्या दिवसांत देवाची सेवा दैतापतींकडे असते, आन् ते स्वतःले विश्वावसूचे वंशज मानतात. देव लाकडाचाच राहिला. रान त्याच्या अंगातून गेलं नाही.

मंदिरात ज्याले जायचं त्यानं जावं. आपलं भांडण कोणाच्या देवाशी नाही. भांडण आहे ते पुढच्या गोष्टीशी. नीट ध्यान द्या.

आधी मुठव्यावर कोणीतरी टिनाचं शेड टाकून देते. आपण खुश होतो. मग सिमेंटचा ओटा येते. मग पाटी लागते, तिच्यावर दुसरंच नाव. मग कोंबडं बंद होते, मोहाची धार बंद होते. भूमका बाहेर बसते, पुजारी आत. शेवटी दानपेटी, तिले कुलूप. कुलपाची किल्ली गावाबाहेर. ज्याचा देव गेला त्याले एक दिवस विचारतात, "तुझं इथं काय आहे?"

जंगल खात्याची रीत वेगळी, शेवट तोच. वाघाले आपण कुलामामा म्हणतो, नात्यानं बोलतो. १९७४ मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला आन् मामाच्या घरात भाचा अतिक्रमणदार झाला. बोरी, कोहा, कुंड उठले. धारगड उठलं. पण धारगडच्या महादेवाले श्रावणात यात्रा भरते, मैदानातून गाड्याच्या गाड्या जंगलात येतात. देव राह्यला, गाव गेलं. पाहुण्याले दर्शन आन् घरच्याले नोटीस, हा कोणता न्याय?

आता त्या भूमक्याकडं परत या. तो चुकला होता का? नाही. साहेबच कायदा वाचून आला नव्हता. वनहक्क कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ पासून लागू. त्यातला नियम १३ पुरावे कोणते ते सांगते. त्यात जुन्या विहिरी आहेत, दफनभूमी आहे, पवित्र ठिकाणं आहेत, देवाची झाडं, देवराई आहे. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. म्हणजे मुठवा हा पुरावाच आहे. चंद्र, सूर्य आन् घोडेस्वार कोरलेला आपल्या पूर्वजांचा सागवानी मुंडा हा पुरावाच आहे. पण एकच पुरावा चालत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. त्याच कायद्यात हेही आहे की अभयारण्यातून गाव हलवायचं तर आधी हक्क मान्य करायचे, मग ग्रामसभेची लेखी, मोकळी संमती घ्यायची. धारणी आन् चिखलदरा तालुक्यांत तर १९९६ चा पेसा आहे, तो रूढी-परंपरा राखायचा अधिकार ग्रामसभेले देते.

हे कागदावरच राहते असं समजू नका. ओरिसातच नियमगिरी डोंगर आहे. डोंगरिया कोंध लोकांचा देव नियमराजा तिथं राहते. कंपनीले त्या डोंगरातलं बॉक्साइट पाहिजे होतं. १८ एप्रिल २०१३ ले सुप्रीम कोर्टानं सांगितलं, देवाचा हक्क आहे की नाही ते ग्रामसभा ठरवतील. १२ ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा 'नाही' म्हणाल्या. डोंगर वाचला.

म्हणून येत्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक गावानं चार कामं करावी.

१. मुठवा, डोंगरदेव, माता, मेघनाथाचा खांब, मुंड्यांची जागा, देवाची झाडं, झरे, सगळं फिरून नकाशावर मांडा. उठवलेल्या गावांनी जुन्या गावठाणातलीही ठाणी मांडा.

२. भूमका, पडिहार आन् म्हाताऱ्या बायांचे जबाब लिहून घ्या, अंगठा घ्या. ते गेले की पुरावा गेला.

३. ठाण्यावर शेड, ओटा, पाटी काहीही करायचं तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नाही. पैसा कोणाचाही असो.

४. लिहिण्याचं काम शिकलेल्या पोरांनीच करावं. जी दोन पोरं हसली होती, त्याईलेच आधी वही द्या.

मुठवा बोलत नाही. त्याच्या वतीनं आपल्यालेच बोलावं लागते, आन् ते लिहून द्यावं लागते.

जिंदाबाद!